एका वाचनाचा माणूस

आमच्या कारखान्यात साखर सोडून सगळं हरवायचं. दुष्काळ पडल्यावर साखरही हरवली, पण तो दोष पावसाचा. बाकी फायली, शिक्के, पावतीपुस्तकं हे आम्ही चांगल्या पावसाळ्यातही हरवत आलो होतो. एकदा जीपची चावी हरवली म्हणून चेअरमनसाहेब उसाच्या ट्रॅक्टरवर बसून सभेला गेले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'साधा माणूस' म्हणून त्यांचा फोटो आला. चावी नंतर त्यांच्याच कोटाच्या खिशात सापडली. अशा या कारखान्यात हरवलेलं हुडकून देणारा एकच माणूस होता, आणि त्याची नेमणूक त्या कामासाठी झालेली नव्हती. ते पाटकरी होते.

पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात वळवून देणारा. कारखान्याची एक उपसा योजना होती. नदीतलं पाणी मोटारीनं टेकाडावर चढवायचं, तिथून मोठा पाट, पाटाला चाऱ्या, चाऱ्यांना पोटचाऱ्या. या जाळ्यावरून ते वीसेक वर्षं खांद्यावर फावडं टाकून फिरले. मग नदीच आटली. पाणी नाही तिथे पाटकऱ्यानं करायचं काय? घरी बसवावं तर युनियन ओरडणार, म्हणून साहेबांनी त्यांना आमच्या सभासद विभागात पाठवून दिलं. कारखान्यात कुणाचं काय करावं हे सुचलं नाही की त्याला सभासद विभागात पाठवायची पद्धत होती. मीही तशीच आले होते. मी टायपिस्ट, आणि ज्या साहेबासाठी मला घेतलं होतं तो साहेबच बदलून गेला होता.

पहिल्या दिवशी ते फावडं घेऊनच आले. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे मोठे बाबू म्हणायचे, चष्म्यावरून बघत म्हणाले, "हापिसात फावडं कशाला?"

"तुमी पेन आनता न्हवं?" पाटकरी म्हणाले, आणि फावडं दारामागे उभं करून खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. ते स्टूल पुढे त्यांचंच झालं. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, तिथेच राहिलं. सगळे त्यांना पाटकरी म्हणायचे, मी मामा म्हणायचे.

मामांचा एक विचित्र नेम होता. ते माघारी जात नसत. भाकरी घरी राहिली आणि हे फाटकापर्यंत आल्यावर आठवलं, तरी वळायचे नाहीत. घर फाटकापासून हाकेच्या अंतरावर होतं. "निगालो ते निगालो," म्हणायचे आणि आमच्या डब्यांत जेवायचे. माझ्या डब्यात मेथी असली की त्यांची भाकरी घरी राहण्याचं प्रमाण वाढायचं, हेही सांगून टाकते. एकदा कुणाच्या तरी लग्नाला निघाले. मांजरसुंब्याला उतरायचं होतं, पण डोळा लागला आणि एसटी पुढे गेली. दुसरा कुणी असता तर उलटी गाडी धरून आला असता. हे पुढच्या गावात उतरले, तिथे जे लग्न चाललं होतं त्यात अक्षता टाकल्या, पंगतीला बसले आणि दुसऱ्या वाटेनं घरी आले.

"अहो मामा, पण तुमच्या माणसाचं लग्न राहिलं ना!"

"त्याचं काय ऱ्हातंय? त्याचं लागलंच की."

त्यांचं स्वतःचं गाव चार कोसांवर. पण तिकडेही पाय नाही. ऐन तारुण्यात तिथून निघाले ते निघाले. का, हे कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारलं की ते तंबाखू मळायला घ्यायचे. त्यांची तंबाखू फार वेळ मळली जायची.

त्यांची खरी करामत कळली ती पेपरामुळे. ऑफिसात पेपर एकच यायचा, माजलगावहून साडेदहाच्या एसटीनं, आणि त्यावर सगळे तुटून पडायचे. स्टोअरकीपरला टेंडरच्या नोटिसा हव्या असायच्या, वॉचमनला कुणाचा बैल कुठे सापडला ते, मोठ्या बाबूंना मेलेल्यांचे फोटो. मला नोकरीच्या जाहिराती हव्या असायच्या, कारण मला तिथून सुटायचं होतं आणि ते मी लपवतही नव्हते. माझ्या हाती पेपर येईपर्यंत त्यात राशिभविष्य तेवढं शिल्लक राहायचं. एकदा स्टोअरकीपर आणि वॉचमन यांच्यात "सोड बे", "तू सोड बे" असं होऊन पेपराचे दोन तुकडे झाले, तेव्हा मामा स्टुलावरून म्हणाले, "भांडता कावून? ज्याला जे पायजे ते चिठ्ठीवर लिवून द्या. मी एकदा वाचतो, समद्यांचं सांगतो."

आम्ही गंमत म्हणून चिठ्ठ्या दिल्या. पंधरा-वीस झाल्या. मामांनी त्या समोर मांडल्या, जुन्या कागदावर काहीतरी रेघोट्या ओढल्या आणि मग पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट चालू लागलं. ना जोरात, ना हळू. एकदाही थांबलं नाही, एकदाही वर गेलं नाही. मधूनमधून ते मान न उचलता सांगायचे, "स्टोर, तुमचं टेंडर आलं." "बाई, तुमचं आलं, शाळा हाय, परभनीकडं." अर्ध्या तासात शेवटचं पान संपलं आणि सगळ्यांचं काम झालं. तेव्हापासून पेपर फाटायचा बंद झाला.

दहावीचा निकाल लागला तेव्हा तर जत्राच भरली. तेव्हा निकाल पेपरात नंबरांनी छापून यायचा, पानंच्या पानं नुसते आकडे. कॉलनीतली आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं नंबरांच्या चिठ्ठ्या घेऊन ऑफिसात आली. मामांनी सगळे नंबर आपल्या रेघोट्यांत बसवले आणि एकदाच वाचलं. सापडला नंबर की बापाचं नाव घेऊन हाक मारायचे. सापडला नाही त्याबद्दल अवाक्षर नाही. शेवटचं पान संपलं की ज्यांना हाक आली नाही ती माणसं आपोआप उठून जायची. नापास झाल्याचं इतक्या सभ्यपणे सांगणारा माणूस मी नंतर शिक्षण खात्यातही पाहिला नाही.

त्यात एक गोम होती. चिठ्ठीवर नसलेलं त्यांना दिसतच नसे. आमच्या चेअरमनसाहेबांची मुंबईला कुठल्याशा महामंडळावर निवड झाली, पेपराचं आख्खं पहिलं पान त्यांच्या फोटोनं भरलं. दुपारी पेढे वाटले तेव्हा मामा विचारतात, "पेढे कावून?"

"अहो, सकाळी तुम्हीच तर पेपर वाचलात!" मोठे बाबू ओरडले.

"कुनी चिठ्ठी दिली नव्हती," मामा म्हणाले आणि दोन पेढे घेतले. रोज आख्खा पेपर वाचणारा हा माणूस, राज्यात सरकार कुणाचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि चिठ्ठीवर असेल ते मात्र ते सोडत नसत. वॉचमनला पाहुण्यातल्या किसनरावाची काही बातमी हवी होती. मामांनी हाक मारली, "आलं तुमचं." बघितलं तर तो भलत्याच गावचा रामकिसनराव, विहीर खचल्याची बातमी. वॉचमन चिडला. मामा म्हणाले, "तुमी किसनराव लिवलं. किसनराव गावला. त्याच्या म्होरं राम हाय त्याला मी काय करू?"

त्या रेघोट्या काय असतात ते मी एकदा हट्टानं विचारलं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. पाणीपाळीच्या जुन्या तक्त्याची कोरी पाठ होती, आणि तिच्यावर त्यांनी आपला पाटच काढला होता. डोक्याला धरण. तिथून चाऱ्या निघालेल्या. एका चारीवर 'राम' आणि तिला तीन फाटे: 'भाऊ', 'नाथ', 'किसन'.

"ह्यो राम तिघांत हाय," मामा म्हणाले. "मग तीनदा कावून लिवायचा? सारखं असंल ते एकदाच लिवायचं, न्यारं झालं की फाटा फोडायचा. कागद वाचतो आन डोस्कंबी. चिठ्ठ्या शंभर आसू द्या, ह्या एका पाटात मावत्यात."

"आणि ही तुटक रेघ?" रामकिसनच्या टोकापासून एक तुटक रेघ आडवी जाऊन दुसऱ्याच चारीवरच्या 'किसन'ला भिडली होती, आणि त्या किसनच्या पुढे 'राव' होता.

"ती आडचारी. आता बगा, वाचता वाचता रामकिसन आला. ह्या चारीनं हितवर आलो. फुडं आला राव. ह्या चारीत राव न्हाई, चारी सपली. मग काय माघारी धरनावर जाऊ, आन किसनपासनं परत वाचू? किसन तर आत्ताच वाचला की, हातातच हाय. हितनंच आडवं पानी सोडायचं त्या चारीत. किसनराव गावला. बाई, पानी कदी माघारी जातंय का? त्याला फुडं वाट करून द्यायची."

मी बारावीला गणितात जेमतेम पास झालेली. पण तो कागद बघून मला गणितातल्यासारखा आनंद झाला, जो गणितात कधी झाला नव्हता. मी त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून सभासदांच्या जुन्या यादीतली चाळीस नावं त्यांना दिली. त्यांनी एका वाचनात एक्केचाळीस शोधली. एक माणूस दोनदा होता. तो चेअरमनसाहेबांचा मेव्हणा निघाला. मोठ्या बाबूंनी यादी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "पाटकरी, सांगितलंय तेवढंच शोधत जा." मामा म्हणाले, "तेवढंच शोदलं की. त्यो दोनदा आडवा आला."

त्याच सुमारास कारखान्यात कॉम्प्युटर आला. नारळ फुटला, भटजी आले, कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं. त्याला गारवा लागतो म्हणून कारखान्यातला एकुलता एक एसी त्याच्या खोलीत बसवला, आणि त्या उन्हाळ्यात सगळ्या स्टाफला कॉम्प्युटरकडे काही ना काही काम निघू लागलं. पुण्याहून आलेल्या पोरसवदा इंजिनियरनं सांगितलं की याची मेमरी कमी पडते, सभासदांची आख्खी यादी एका वेळी पोटात मावत नाही. एक नाव शोधायचं तर यादी तुकड्यातुकड्यानं आत घ्यायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. दुसरं नाव आलं की परत पहिल्यापासून. मामा काचेतून बराच वेळ बघत उभे होते.

"एकेका वावरासाटी धरनाचं दार उगडतंय ते," ते म्हणाले. "अशानं पानी पुरल व्हय?"

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी संचालक मंडळानं एक ठराव केला. ज्यांनी कारखान्याला ऊस घातला नाही त्यांची नावं सभासद यादीतून कमी करायची. आता पाऊस नव्हता म्हणून ऊस नव्हता. ऊस नव्हता म्हणून खेड्याखेड्यातली माणसं कोयते घेऊन, बैलगाड्या जुंपून दूर पश्चिमेकडे दुसऱ्यांचा ऊस तोडायला गेली होती. आणि ती दुसऱ्यांचा ऊस तोडतात, आपला घालत नाहीत, म्हणून त्यांची नावं कापायची. सगळं इतकं चोख बसत होतं की ठरावात एक खाडाखोड नव्हती. निवडणूक तोंडावर होती आणि नावं कमी होणारी गावं बहुतेक चेअरमनसाहेबांच्या विरोधातली होती, हा योगायोग.

मतदानाचं सोडा, पण त्या वर्षी कारखान्यानं चारा छावणी काढली होती आणि तिच्यात सभासदांचीच जनावरं घेत. माणसं तोडीला गेलेली, मागे म्हातारीकोतारी आणि गाई. यादीतून नाव गेलं की गाय छावणीच्या बाहेर, आणि बाहेर हिरवी काडी उरली नव्हती. हरकत घ्यायची सोय होती. गैरहजर माणसासाठी नातलगानं किंवा गावकऱ्यानं अर्ज दिला तरी चालणार होतं. मात्र प्रत्येक नावाचा वेगळा अर्ज, अर्जावर कच्च्या, म्हणजे नावं कापण्याआधीच्या, यादीतला अनुक्रमांक, मुदत अमुक तारखेच्या पाच वाजेपर्यंत. आणि यादी होती ज्यानं जसजसा शेअर घेतला त्या क्रमानं. गावाचा क्रम नाही, बाराखडीचा नाही. हजारो नावं, कॉम्प्युटरच्या त्या लांबलचक घडीच्या कागदावर. त्यात आपलं नाव शोधणं म्हणजे वाळूत मोहरी वेचणं.

शेवटच्या दिवशी अकराच्या सुमाराला एक म्हातारी पाण्याच्या टँकरमधून उतरली. नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात पोराच्या वहीचं पान. मामांच्या गावची होती, तोडीच्या टोळीच्या मुकादमाची आई. मुकादमानं तिकडून, उसाच्या फडातून, टोळीतल्या सगळ्या माणसांची नावं लिहून पाठवली होती. सव्वाशे नावं. पान हाती यायलाच चार दिवस गेले होते.

"बाई, ही नावं तुमच्या पोथीत कुटं हायती तेवडं बगा," ती मला म्हणाली. "न्हाईतर गाया भायेर काडत्याल."

मोठे बाबू माणूस वाईट नव्हते. त्यांनी दोन क्लार्क कामाला लावले. पण त्यांची पद्धत कॉम्प्युटरचीच होती, फक्त एसी नव्हता. एक नाव घ्यायचं, पहिल्यापासून शोधत जायचं, सापडलं की दुसरं नाव, परत पहिल्यापासून. बारा वाजेपर्यंत तीन सापडली. कॉम्प्युटरला विचारावं तर वीज गेलेली.

मामा स्टुलावर पाठ करून बसले होते. म्हातारी आल्यापासून त्यांनी मान वळवली नव्हती. मी जवळ गेले आणि म्हटलं, "मामा, तुमच्या गावची माणसं आहेत."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. मग उठले, वहीचं पान क्लार्कच्या हातातून घेतलं आणि माझ्या खुर्चीत बसले. गावाचं आडनाव एकच, ते त्यांनी वर धरणाच्या जागी एकदाच लिहिलं. खाली पाट काढायला घेतला. तास गेला तरी रेघा चालूच. मोठे बाबू म्हणाले, "चला, आता चित्रकला सुरू झाली." म्हातारी व्हरांड्यात बसून सगळं बघत होती.

एक वाजून गेल्यावर बोट चालू लागलं. ते क्रमांक आणि नाव सांगायचे, मी अर्जावर टाइप करायचे, क्लार्क पोरं पुढच्या अर्जाचे कागद देत राहायची. इतक्या वेगानं मी पुन्हा कधी टाइप केलं नाही. जेवणाची सुट्टी झाली, कुणी उठलं नाही. अर्ज एकावर एक चढत गेले, आणि शेवटची घडी उलटली तेव्हा घड्याळात पावणेचार झाले होते. मी अर्ज मोजले. एकशे चोवीस.

"एक राहिला," मी म्हटलं.

"यादीत न्हाई त्यो," मामा म्हणाले. त्यांनी तंबाखूची पिशवी काढली.

"कोण?"

ते तंबाखू मळू लागले. मी ताळा केला. आसाराम. मामांच्या पाटात 'आसाराम'च्या पुढे फाटा होता 'ग्यानबा'. म्हणजे आसाराम, ग्यानबाचा मुलगा. मी मोठ्यानं वाचलं तशी म्हातारी व्हरांड्यातून आत आली.

"आसा कसा न्हाई? त्यानं शेर घेतला तवा गावात गूळ वाटलंता की! आगं बाई, पर त्यो ग्यानबाच्या नावानं कसा गावंल? त्यो भिवाच्या नावानं हाय. भिवाला दत्तक गेल्याला हाय त्यो." मग ती मामांकडे वळली. "आन तुला ठावं न्हाई व्हय रं? तुझ्या पाटच्या भावाचं?"

मी मुकादमाचं पान परत पाहिलं. त्यावर नुसतं 'आसाराम' होतं, गावात आसाराम एकच. 'ग्यानबा' मामांनी आपल्या मनानं लिहिलं होतं.

मग म्हातारीनंच सांगितलं, आणि मामांनी सांगू दिलं. चुलता भिवा, त्याला मूलबाळ नव्हतं. ग्यानबानं धाकटा लेक भावाच्या ओटीत घातला. पुढे काही वर्षांनी ग्यानबा वारला, तेव्हा आसारामनं तीन दिवस सुतक धरलं आणि चौथ्या दिवशी औत जुंपलं. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्या बापाचं सुतक तीनच दिवस, अशी रीत. थोरल्यानं एकट्यानं तेरा दिवस केले. तेराव्याला जेवणं चालू असताना पंगतीत उभा राहून म्हणाला, "माज्या बापाला येकच ल्योक हुता," आणि गावातून निघून गेला.

"भिवा दारात काठी घिऊन बसलता रं," म्हातारी म्हणाली. "म्हन्ला, चौथा दीस धरलास तर माजा न्हाईस. त्या पोरानं काय करावं? औत हाकीत हुतं आन रडत हुतं, म्या बगितलंय. आन तू, येकच ल्योक हुता म्हनून गेलास, आन आज आसाराम ग्यानबा लिवतुस व्हय!" एवढं बोलून ती हसली. तिला दात नव्हते आणि हसू फार गोड होतं.

"मामा," मी हळूच विचारलं, "वाचताना आसाराम भिवा आला असेल ना? दिसला नाही?"

"माज्या चारीत भिवा नव्हता," मामा म्हणाले.

मला त्यांचा राग आला. खरंच आला. इतकं सोपं, इतकं सुंदर ते काम, आणि या हट्टी माणसानं त्यात आपलं वीस वर्षांचं सुतक घालून ठेवलं होतं. क्रमांक कुठला हे आता त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण न शोधलेलं ते लक्षात ठेवत नसत. चार वाजून गेले होते. मोठे बाबू समजुतीनं म्हणाले, "सव्वाशेत एक राहिला तर चालतंय पाटकरी. खूप झालं."

मामांनी मळलेली तंबाखू खिडकीतून टाकून दिली. पेन घेतलं. आसारामच्या पुढे दुसरा फाटा ओढला आणि त्यावर लिहिलं, 'भिवा'. अक्षर जरा वाकडं आलं. मग त्यांनी कागदांची ती आख्खी चळत दोन्ही हातांनी उचलली, पालथी होती ती सुलटी केली आणि पहिलं पान वर आणलं.

मामा माघारी गेले. आम्ही सगळे बघत होतो. बोट चालू लागलं, या वेळी हळू, प्रत्येक ओळीवर. एका नावासाठी त्यांनी धरणाचं दार उघडलं होतं. मी मध्येच म्हटलं, "निम्मी पानं मला द्या," तर त्यांनी नुसतं डोकं हलवलं. पाचला वीस कमी असताना बोट थांबलं. ते बोट थांबलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अर्ज स्वीकारायला तालुक्याहून साहेब आले होते, पलीकडच्या खोलीत. अर्जात एक रकाना होता, हरकत घेणाऱ्याचं सभासदाशी नातं. एकशे चोवीस अर्ज मामांच्याच नावानं होते, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यांवर मी 'गाववाला' टाइप केलं होतं. शेवटचा अर्ज त्यांनी माझ्याकडे दिलाच नाही, स्वतःच्या हातानं लिहिला. साहेबांनी तो वाचला आणि मान वर केली.

"तुमच्या वडिलांचं नाव ग्यानबा. यांच्या वडिलांचं भिवा. मग नातं चुलतभाऊ होतं. इथे सख्खा भाऊ लिहिलंय तुम्ही."

"लिवलंय ते आसू द्या सायेब."

"कागदाशी जुळत नाही हो."

"कडंवर घिऊन मी हिंडवलंय त्याला," मामा म्हणाले, "कागदानं न्हाई."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि शिक्का मारला. म्हातारी टँकर सुटायच्या आत पोचायचं म्हणून घाईनं निघाली. जाताना मामांच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

सगळी नावं राहिली. निवडणूक मात्र झालीच नाही. मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर दोन्ही पॅनलची पुढारी मंडळी जेवायला बसली आणि बडीशेप येईपर्यंत निवडणूक बिनविरोध झालेली होती. ज्या मतांसाठी एवढी कापाकापी चालली होती त्यांची कुणालाच गरज उरली नाही. गाई तेवढ्या छावणीत राहिल्या. मोठ्या बाबूंना वरून बोलणी बसली, आणि त्यांनी मामांची बदली छावणीवर केली. शिक्षा म्हणून. मामा दारामागचं फावडं घेऊन गेले. पेपर पुन्हा फाटू लागला.

टोळ्या परत आल्या तेव्हा कडक उन्हाळा होता. एका दुपारी एक माणूस ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. मी दचकले, कारण उभं राहणं मामांचंच होतं, एका पायावर भार आणि खांदा जरा कललेला. चेहरा रापलेला, हातांवर पाचटानं कापल्याचे ओरखडे.

"आसाराम," त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. "माजं नाव यादीत कुनी ठिवलं म्हनं?"

गावात म्हातारीनं त्याला सांगितलंच असणार. पण त्याला ते कागदावर हवं होतं. मी फाईल काढली, त्या फाईलनं त्या दिवशी हरवायचं नाही असं ठरवलं असावं, आणि अर्ज त्याच्यापुढे धरला. त्यानं मान हलवली. त्याला वाचता येत नव्हतं.

मी वाचून दाखवलं. अर्जदाराचं नाव, बापाचं नाव ग्यानबा, गाव. सभासदाचं नाव आसाराम, बापाचं नाव भिवा. नातं, सख्खा भाऊ. खाली सही.

तो खिडकीजवळच्या स्टुलावर बसला. ते कुणाचं आहे हे त्याला मी सांगितलं नाही. डोक्याचा पटका काढून त्यानं मांडीवर घेतला.

"परत वाचा," तो म्हणाला.

मी पहिल्यापासून परत वाचलं.